लेखांक १४ : सरासरीत बसलेला आठवडा

मतलई वारा आणि आंब्याचा मोहोर यांचं नातं या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण लांजा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते विचारतात, "ऐन लावणीत पाऊस उघडला, वरच्या खाचरातला तरवा पिवळा पडला, आणि हवामान खात्याच्या साप्ताहिक तक्त्यात रत्नागिरीपुढे सरासरीइतका पाऊस. मग चूक कोण, तक्ता की तरवा?"

दोघंही बरोबर आहेत. खात्याचा आठवडा गुरुवारी सुरू होतो, बुधवारी संपतो. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. सात दिवसांची बेरीज दीर्घकालीन सरासरीशी ताडायची. फरक १९ टक्क्यांच्या आत असला, कमी किंवा जास्त, की शेरा 'सरासरीइतका'. तूट २० टक्क्यांवर गेली तरच शेरा बदलतो. आता समजा, आठवड्याची सरासरी २२० मिलिमीटर आहे. शुक्रवारी रात्री २१० कोसळला आणि पुढे बुधवारपर्यंत लख्ख ऊन. तूट पाच टक्क्यांच्याही आत! शिवाय हा आकडा मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या अख्ख्या जिल्ह्याचा असतो. खेडात धो धो पडला तर त्याच्या बेरजेत लांज्याची उघडीप बुडून जाते.

देशावर अशी एक मोठी सर काळ्या जमिनीत काही दिवस तरी मुरून राहते. आपल्या कातळसड्यावर ती राहत नाही. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी भराभर खाली उतरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि उताराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. पुढे पऱ्या, मग काजळी नदी, मग भाट्याची खाडी. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र आहेच किती लांब! म्हणून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर फिरतात. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती दिवसांत वाटून पडला, हे कोकणात जास्त मोलाचं आहे.

उन्हाळ्यात तर टक्केवारी निव्वळ फसवते. दोन मिलिमीटरची सरासरी असलेल्या आठवड्यात वळवाचे आठ मिलिमीटर पडले की तक्त्यात ३०० टक्के जास्त. विहिरीला त्यातलं काही लागत नाही. तिला लागतो हस्ताचा पाऊस, परतीचा, सावकाश मुरणारा. तो चुकला की जुलैची अतिवृष्टी भरून काढत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. त्या पाण्याचा एप्रिलमधल्या घागरीला काय उपयोग?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. साप्ताहिक तक्ता जरूर वाचावा, पण टक्क्यांशेजारी पावसाळी दिवस मोजावेत. २४ तासांत अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तो पावसाळी दिवस, हा खात्याचाच निकष. सात दिवसांत असा एकच भरला, तर शेरा काहीही असो, वरकस जमिनीला ती टंचाईच.

वाचकांना एक विनंती. दर महिन्याच्या १ तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी किती हात आहे ते मोजा, वहीत लिहा आणि वाडीच्या नावासह मला कळवा. मतलई पुढच्या आठवड्यात.