‘हल्लीच्या गाण्यांत शब्दच नाहीत!’

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याकडे संध्याकाळी वरातींचा दणदणाट सुरू होतो. घरातील आजोबा खिडकी लावून घेतात आणि म्हणतात, ‘हल्लीच्या गाण्यांत शब्दच नाहीत!’ नातवंडे हसतात, सून विषय बदलते. वाचकहो, आपल्या घरी हे वाक्य वरचेवर ऐकू येत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यात आवडीनिवडीचा भाग आहे, तसाच प्रकृतीचाही.

प्रथम आवडीचे पाहू. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी उतारवयातही ठळक राहतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. त्या वयात ऐकलेली गाणीही तशीच मनात मुरतात. १९४५ साली जन्मलेल्या आजींचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची गाणी १९६१ मध्ये ‘मानिनी’ चित्रपटात आली, तेव्हा सोळा वर्षांच्या. ती गाणी लागली की त्यांचे माहेर, त्यांच्या मैत्रिणी, त्यांचे तारुण्य परत येते. आजच्या गाण्याशी असे काहीच जोडलेले नसते.

तक्रार मात्र प्रत्येक पिढीची असते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या डॉ. बी. व्ही. केसकरांना चित्रपटगीते हिणकस वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालेकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि ती गाणी पुन्हा आकाशवाणीवर आली. आज आपण ज्यांना सुवर्णकाळाची गाणी म्हणतो, त्यांतील कितीतरी तेव्हा अभिरुची बिघडवणारी ठरली होती!

आता प्रकृतीचे. साठीनंतर अनेकांची श्रवणशक्ती हळूहळू मंदावते. उंच पट्टीतील बारीक ध्वनी आधी क्षीण होतात, त्यामुळे स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात. ढोलाचा ठोका मात्र ऐकू येत राहतो. हळू आवाज कळत नाही आणि मोठा सहन होत नाही, अशी दुहेरी अडचण होते. परिचित गाण्यात कान जे गाळतो, ते स्मरण भरून काढते. नव्या गाण्यात भरून काढायला स्मरणच नसते. म्हणून ‘शब्दच नाहीत’ ही कधी कधी गाण्याविषयीची नव्हे, तर कानाविषयीची तक्रार असते.

तेव्हा वाद घालण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. कधी कानात साचलेला मळ काढणेच पुरते, तर कधी श्रवणयंत्र लागते. हे लांबणीवर टाकू नका. ऐकू न येणारा माणूस घरातील गप्पांतून हळूहळू बाजूला पडतो आणि उपचाराविना राहिलेला श्रवणऱ्हास हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या कारणांपैकी एक मानला जातो.

जुन्या गाण्यांचा उपयोग शुश्रूषेतही होतो. स्मृतिभ्रंशात नावे विसरली तरी परिचित चाली पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात. संगीतामुळे आजार बरा होत नाही, पण उदासी आणि अस्वस्थता कमी होण्यास मदत होऊ शकते. औषधे चालूच ठेवावीत. दूरचित्रवाणी बंद करून, बेताच्या आवाजात, वीस-तीस मिनिटे गाणी लावा. स्नानापूर्वी किंवा सांजवेळी जीव कासावीस होतो तेव्हा ती विशेष उपयोगी पडतात. दिवसभर मात्र लावून ठेवू नका. एखाद्या गाण्याने दिवंगत जोडीदाराची आठवण येऊन डोळे भरले, तर जवळ बसा. त्रास होतो असे दिसले, तर ते गाणे थांबवा.

गाणी निवडताना आपल्या आवडीवर जाऊ नका. ‘तुम्ही पंधरा-वीस वर्षांच्या असताना काय गात होतात?’ असे विचारा. खानदेशातील एखाद्या आजींचे उत्तर चित्रपटगीत नसेलही. आखाजीला माहेरी येऊन झोक्यावर म्हटलेली गाणी, कानबाईची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या त्यांना आठवतील. ती यंत्रावर सापडली नाहीत, तर त्यांच्याच तोंडून ऐका आणि मोबाइलवर साठवून ठेवा.

आजी-आजोबांनाही एक विनंती. वरातीत ध्वनिक्षेपकाजवळ बसू नका. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो वाजविण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा झोपमोडीची आपली तक्रार रास्तच आहे. पण घरी नातवाला त्याचे एखादे गाणे हळू आवाजात लावायला सांगा आणि शब्द विचारा. तो अहिराणी गाणे लावील आणि त्यातला एखादा शब्द त्यालाच ठाऊक नसेल. तो अर्थ सांगायला घरात आपणच आहात.