टोकियोहून पत्र : रिश्टर नको, गावाचं सांगा

परवा रात्री जेवताना घर हललं. वरणाची वाटी ताटात सरकली, वरचा दिवा झोके घेऊ लागला. थोड्याच वेळात टीव्हीवर गावांची यादी आली आणि प्रत्येक गावापुढे आकडा. आमच्या भागाला ३, किनाऱ्याकडे ४. इथली माणसं आधी हाच आकडा बघतात. त्याला म्हणतात ‘शिंदो’ : त्या जागची जमीन किती हलली, त्याचं माप. ० ते ७. पाच आणि सहाचे दोन-दोन भाग, म्हणून पायऱ्या दहा. तीनला भांडी खडखडतात, सातला माणसाला उभं राहता येत नाही. रिश्टरचा आकडा वेगळा. तो भूकंपाच्या उगमाची ताकद सांगतो आणि सगळ्या गावांना एकच असतो. २०११चा भूकंप ९.०चा, पण कुरिहाराला शिंदो ७, टोकियोत वरचा ५. सुतळी बॉम्बमधली दारू तेवढीच, पण दारातल्याला आणि गल्लीच्या टोकाच्याला आवाज सारखा येतो का?

आपल्या बातम्या मात्र ‘तीव्रता ४.५ रिश्टर’ म्हणून मोकळ्या होतात. ताकदीलाच तीव्रता म्हटलं, मग खऱ्या तीव्रतेला शब्द कुठून आणायचा? मार्च २०२४मध्ये हिंगोलीकडे धक्का बसला, तेव्हा वसमतच्या मामांना फोन केला. “कसा होता?” तर म्हणाले, “साडेचार रिश्टर.” अहो मामा, ते टीव्हीनं सांगितलं, तुम्ही काय पाहिलं?

हा शब्दांचा कीस नाही. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२चा होता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१८मध्ये ओसाकाला ६.१चा झाला, मृतांची संख्या दहाच्या आत राहिली. रिश्टर जवळपास तोच. माणसं वाचतात ती पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं छत यांवर.

इथलंही सगळं गोड नाही. परवा शेजारच्या आजींचं दारसुद्धा उघडलं नाही, मलाच जाऊन विचारावं लागलं. वसमतला त्या सकाळी अख्खी गल्ली रस्त्यावर येऊन एकमेकांची चौकशी करत होती.

मामांना पुन्हा विचारलं. मग सांगू लागले : फळीवरचे डबे खाली आले, देवघराच्या भिंतीला बोटभर चीर गेली, शेजारच्या सिमेंटच्या घरात काहीच नाही. मामा, तीव्रता म्हणतात ती हीच. ती चीर आधी बुजवून घ्या.