माजघरांतील वायफाय

ज्या वाड्यांत तीन-चार पिढ्या एकत्र नांदतात, तेथें वायफायच्या यंत्राला जागा कोणती द्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो; परंतु घरांतील निम्म्या माणसांचें शिक्षण व काम आज त्यावर अवलंबून असतें. बहुतेक ठिकाणीं त्याचा निकाल घरची माणसें लावीत नाहींत, जोडणी करावयास आलेला मनुष्य लावतो. रस्त्यावरून तार येते ती सोप्याच्या खिडकींतून. म्हणून राउटर सोप्यावरच, बहुधा टीव्हीच्या मागें, बसतो. मग वडील मंडळींस आरामखुर्चींत बातम्या स्वच्छ दिसतात, आणि मागल्या खोलींत घरून नोकरी करणारी सून किंवा परीक्षेचे वर्ग ऐकणारी मुलगी मात्र फोन हातांत धरून चौकांत फेऱ्या घालते. ही वांटणी न्यायाची नव्हे.

या लहरींचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतें. 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब, आणि 5 गिगाहर्ट्‌झची सुमारें सहा. दुसरा पट्टा वेगवान खरा, पण त्याची लहर भिंतींत लवकर जिरते. जगदीशचंद्र बसूंनीं 1895 च्या सुमारास कलकत्त्यास विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पोंचवून घंटा वाजविली होती. परंतु घंटा वाजविणें निराळें आणि तासभराचें व्याख्यान चित्रासह अखंड पोंचविणें निराळें. दीड-दोन फुटांची दगडमातीची भिंत, पोलादी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टांकी हे या लहरींचे शत्रू.

लहरींचा जोर मोजणारीं साधनें फोनवर फुकट मिळतात. आंकडा उणे असतो: उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 80 म्हणजे दुर्दशा. अंतर तीसच दिसतें. पण दर दहास शक्ति दशांशावर येते, म्हणजे उणे 80 च्या खोलींत ती सहस्रांशच उरते. गणिताची आवड असलेल्या नातवास बरोबर घेऊन खोलीखोलींतील मापें कागदावर मांडावीं. कोण उपाशी आहे तें लगेच कळेल.

आपल्याकडे शास्त्रग्रंथांत देहलीदीपन्याय सांगतात. उंबरठ्यावरचा दिवा आंत-बाहेर दोहींकडे उजेड पाडतो. राउटरची जागा ती हीच, आणि वाड्यांत ती माजघर होय: माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या फळीवर. (देव्हाऱ्याशेजारीं नको, असें कोणी म्हणेल, समोरची भिंत चालेल.) नवीन जोडणी घेतांनाच तार माजघरापर्यंत आणून देण्याचा आग्रह धरावा. फायबरची तार मागाहून स्वतः ओढूं नये. तीव्र वळणानें ती निकामी होते. उभ्या शिंगाच्या लहरी आडव्या पसरतात, वर फारशा जात नाहींत. माडीसाठीं एखादें शिंग आडवें करून पाहावें.

आठ शिंगांचें महागडें यंत्र आणल्यानें काम भागेल, ही समजूत आम्हांस भोळी वाटते. हें संभाषण दुतर्फी आहे; यंत्र कितीही मोठ्यानें बोललें, तरी उत्तर देणाऱ्या फोनचा आवाज बारीकच. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकून तेंच पुन्हा बोलतो, त्यामुळें वेग सुमारें निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका लहर क्षीण असलेल्या खोलींत लावतात. ज्याच्या पातेल्यांत कांहीं नाहीं त्यास वाढावयास उभें करण्यासारखें हें आहे.

खरा उपाय तारेचा. कॅट-6 जातीची इथरनेट तार शंभर मीटरपर्यंत चालते. एवढ्यांत मोठा वाडाही आटोपतो. ती विजेच्या तारांपासून थोडी दूर, तुळईच्या कडेनें मागल्या खोलींत न्यावी व तेथें ॲक्सेस पॉइंट नांवाचें दुसरें यंत्र बसवावें. दोहोंस नांव व परवलीचा शब्द एकच, परंतु 2.4 च्या पट्ट्यांत वाहिन्या भिन्न असाव्या. एकास 1, दुसऱ्यास 6 किंवा 11. तार नेणें अशक्यच असेल तर मेश जातीचे संच घ्यावेत, आणि ते चौकाच्या दोन बाजूंस, समोरासमोरच्या खिडक्यांत ठेवावेत. मोकळ्या चौकांत लहरीला अडवावयास कांहीं नसतें.

जुनी भिंत फोडण्यास घरांत विरोध होईल, आणि तो रास्तही आहे. परंतु दाराच्या लांकडी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचें छिद्र पाडलें तरी तार पलीकडे जाते, आणि सुताराचें तें अर्ध्या तासाचें काम आहे.