मेलेलं म्हणून आणलेलं मशीन

पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहान छापखान्यातला संगणक ऐन श्रावणात बंद पडला. छापखान्याचे मालक माझ्या ओळखीचे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं की मदरबोर्ड गेला, या मॉडेलचं आता काही मिळत नाही, नवीन घ्या. हे सांगण्याआधी मशीन जेमतेम पाच मिनिटं उघडून पाहिलं होतं. त्या पाच मिनिटांचा मला राग आला. काका ते मशीन दुसरीकडे दाखवायला निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो.

नवीन घेऊन भागेल असं ते प्रकरण नव्हतंच. 2006 सालचं मशीन, त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर 7 आणि मागच्या बाजूला पंचवीस भोकांच्या पॅरलल पोर्टात खोचलेला मराठी सॉफ्टवेअरचा डाँगल. तो जागेवर असेल तरच ते सॉफ्टवेअर उघडतं. नव्या बोर्डांवर हा पोर्ट बहुधा नसतोच. यूएसबीला जोडायचं कन्व्हर्टर मिळतं, पण ते प्रिंटरसाठी असतं, डाँगलशी त्याचं सहसा जमत नाही. शिवाय काकांच्या सगळ्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसू लागतात. पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती 2001 साली आली. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला आधार देणं 8 एप्रिल 2014 रोजी थांबवलं. पण लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, ज्ञातिसंस्थांची मासिकं, दिवाळी अंक ही कामं कितीतरी छापखान्यांत त्यानंतरही याच जोडीवर चालत राहिली. काकांचा दिवाळी अंकही याच मशीनवर अर्धा लागलेला होता.

तपकीर गल्लीपासून चार पावलांवर, एका जिन्याखालच्या गाळ्यात ते दुरुस्तीचं दुकान आहे. चालवतात त्या बाईंना सगळे ताई म्हणतात. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केला, आधी टीव्ही दुरुस्त केले, मग संगणक. पन्नाशीच्या असाव्यात. टेबलावर मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, रंग उडालेला ब्रश आणि शाळेत मिळतो तसला पांढरा खोडरबर. आत शिरल्या शिरल्या राळेचा वास येतो, तापलेल्या सोल्डरचा, किंचित गोडसर आणि घशाला लागणारा. घरी आल्यावरही तो माझ्या शर्टाला होता.

ताईंनी मशीनला हात लावायच्या आधी काकांना खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. एकदम बंद पडलं की हळूहळू? पावसाचं पाणी आलं होतं का, वीज कडाडली होती का, जागा हलवली होती का, कुणी साफसफाई केली होती का? बटण दाबलं की काय होतं? काही होतच नाही, की होऊन थांबतं?

काकांनी आठवून सांगितलं. पाडव्याच्या सुमारास सकाळी दोनदा बटण दाबावं लागायचं. नंतर पाच-सहा वेळा. एकदा सुरू झालं की मात्र रात्रीपर्यंत तक्रार नाही. आणि आता पंखा फिरतो, क्षणभरात थांबतो, पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो.

"सकाळीच त्रास द्यायचं ना? दुपारी बंद करून लगेच चालू केलं तर?"

"लगेच व्हायचं."

ताईंनी हे वहीत लिहून घेतलं. त्या वहीकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात राहिलं. लांब हिशेबाची वही, प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'तक्रार', उजवीकडे 'निघालं'. तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, जशीच्या तशी. 'डिस्प्ले येत नाही', पुढे 'रॅम सैल'. 'बोर्ड मेला असं सांगितलंय', पुढे 'सेल'. 'धूर आला', पुढे 'एसएमपीएस'. 'अजिबात चालू होत नाही', पुढे 'कॅबिनेटचं बटण अडकलेलं'. अशी पानंच्या पानं.

"दहातली सात मशीन मेलेली नसतातच," ताई म्हणाल्या. "त्यांना मेलेलं म्हणून आणलेलं असतं."

दहातली सात. वहीची पानं उलटताना मला हा आकडा फुगवलेला वाटला नाही.

कॅबिनेट उघडल्यावर ताईंनी पहिली हार्ड डिस्क काढली. ती दुसऱ्या संगणकाला जोडून आतले फोल्डर काकांना दाखवले, सगळ्याची प्रत करायला लावली आणि मगच म्हणाल्या, "काका, तुमचं काम शाबूत आहे. आता मशीनचं बघू." काकांचे खांदे खाली आले ते मी पाहिलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी माणसाचं काम वाचवायचं, मग यंत्र. आदल्या दुकानात डिस्कचं नावही कुणी काढलं नव्हतं.

मग सुरू झाला तपास. धूळ झाडणं, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासणं, केबली काढून पुन्हा बसवणं हे झालं. फरक पडला नाही. कॅबिनेटच्या बटणाच्या दोन वायरी काढून ताईंनी बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोडल्या. पंखा फिरला, थांबला. म्हणजे बटण निर्दोष. बोर्डावरचा हिरवा दिवा पेटलेला होता, म्हणजे बंद अवस्थेतही जो पाच व्होल्टचा पुरवठा चालू राहतो, तो येत होता. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मोठा प्लग बोर्डातून काढून त्यातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडली. एसएमपीएस एकटा चालू झाला. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीला 11.9 व्होल्ट, लालला 5.04, नारिंगीला 3.3. बारा व्होल्टच्या लाइनला 11.4 ते 12.6 इतकी मुभा असते, त्यामुळे आकडे चांगले होते. तरी ताईंनी खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, कारण भार नसताना बरा दिसणारा एसएमपीएस भार आल्यावर मान टाकू शकतो. दुसऱ्यावरही तेच झालं. एसएमपीएस मात्र त्यांनी उघडला नाही, मलाही हात लावू दिला नाही. आपल्या 230 व्होल्टचे आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून असतात.

आता टेबलावर नुसता बोर्ड, प्रोसेसर आणि एक चिमुकला स्पीकर. रॅम मुद्दाम काढलेली. माझ्या दृष्टीने या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. रॅम नसेल तर धडधाकट बोर्डाने ओरडलं पाहिजे, बीप बीप करून. तो ओरडला तर प्रोसेसर जागा आहे आणि बायोस वाचता येतंय, असा अर्थ होतो. तक्रार करता येणं हीच इथे जिवंतपणाची खूण. हा बोर्ड ओरडला नाही. पंखा फिरला, थांबला.

मग प्रोसेसरजवळ जाणारा चार पिनांचा वेगळा प्लग काढून ताईंनी पुन्हा पिना जोडल्या. या वेळी पंखा फिरतच राहिला. थांबेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्लग फक्त प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागासाठी असतो. तो काढल्यावर मशीन बंद पडायचं थांबलं, म्हणजे सगळा संशय त्या दोन इंच जागेवर आला. मल्टिमीटर लावून तिथे सरळ शॉर्ट नाही हेही पाहिलं. बारा व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे दीडएक व्होल्ट करणारे मॉस्फेट शाबूत होते. उरले कपॅसिटर.

"बॅटरी धरा," म्हणाल्या. मोबाइलच्या उजेडात आम्ही बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आडवा धरला, आणि तेव्हा कुठे मला दिसलं. प्रोसेसरच्या कडेला पाच कपॅसिटर ओळीने उभे होते. डोक्यावर फुलीची खाच असते, आत वायू साठला तर तिथून फुटून बाहेर पडावा म्हणून. दोघांची डोकी सपाट. तिघांची किंचित वर आलेली, बोट फिरवलं तर कळेल एवढीच, आणि एकाच्या बुडाशी वाळलेला तपकिरी ओघळ. वरून बघणाऱ्याला हे दिसत नाही. पाच मिनिटांत तर नाहीच.

कपॅसिटरचं काम आपल्या इमारतीवरच्या टाकीसारखं. पाणी ठरावीक वेळी येतं, नळ मात्र केव्हाही सोडला तरी धार सारखी, ती टाकीमुळे. आतला द्रव वाळला की टाकी लहान होते आणि तिचा नळही बारीक होतो. प्रोसेसर सुरू होताना एकदम मोठा घोट मागतो, तो मिळत नाही आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. गारव्यात हा दोष वाढतो, ऊब मिळाली की कमी होतो. काकांनी सांगितलेल्या सकाळच्या त्रासाचा उलगडा तो होता. उत्तर अर्धंअधिक त्यांच्या बोलण्यातच होतं, ते बोलू द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

त्या काळातल्या बोर्डांना हा रोग फारच होता. साधारण 1999 ते 2007 या काळात कच्च्या द्रवाचे कपॅसिटर जगभर पसरले आणि नामांकित बोर्डही अकाली फुगले. पण चांगल्या कपॅसिटरचंही आयुष्य मोजलेलं असतं. 105 अंशांना दोन हजार तास असं लिहिलेलं असेल, तर तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. 65 अंशांना बत्तीस हजार तास. छापखान्यात रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर साडेदहा वर्षं. हे मशीन त्याहून कितीतरी जास्त चाललं होतं. ते दमलं होतं, मेलं नव्हतं.

बदलायचं काम दिसतं तितकं सोपं नाही. ताईंनी आधी मोबाइलवर फोटो काढले, कारण कपॅसिटरची ऋण-धन बाजू दाखवायला बोर्डावर अर्धगोल रंगवतात, पण तो रंगवलेला अर्धा ऋण की धन हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. उलट बसला तर फुटतो. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर असतात, ते गनची उष्णता ओढून घेतात आणि जुनं सोल्डर वितळता वितळत नाही. त्यावर उपाय म्हणजे नवं सोल्डर वर द्यायचं, एक पाय तापवून कपॅसिटर जरासा कलता करायचा, मग दुसरा पाय, मग परत पहिला. जोर केला तर भोकातलं तांब्याचं अस्तर उपटून येतं आणि मग बोर्ड खरोखरच जातो. ताई श्वास रोखून ते करत होत्या. पाच कपॅसिटर निघेपर्यंत गाळ्यात कुणी बोललं नाही, राळेचा धूर टेबलफॅनने दाराकडे जात होता. नवे बसवले ते 1500 मायक्रोफॅरडचे, 6.3 व्होल्टचे, खास बोर्डासाठीचे. साधे लावले तर दोन महिन्यांत परत याल, म्हणाल्या. चांगले दिसणारे दोघेही बदलले, कारण तेही त्याच वयाचे.

पाचांची किंमत मिळून शंभर रुपयेही नव्हती. मजुरी धरून काकांनी सहाशे दिले. आदल्या दुकानात नव्या मशीनचा भाव चाळीस हजारांच्या घरात सांगितला होता. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे, ते चांगलंच आहे. पण कचरा व्हायच्या आधीच मशीन वाचवणारी ही माणसं मला त्याहून मोलाची वाटतात. दहातली सात वाचत असतील तर बाकीच्या तिघांचाच प्रश्न उरतो.

रॅम लावून पिना जोडल्या तेव्हा एकच छोटा बीप आला. पडद्यावर बायोसची चूक आणि एफ-वन दाबायची सूचना. तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल 2.4 वर आला होता, तोही बदलला. तारीख घातली. एक्सपी उघडलं, पेजमेकर उघडलं, डाँगल ओळखला गेला आणि अर्धा लागलेला दिवाळी अंक समोर आला. काका पानं खाली-वर करत राहिले.

"अजून किती वर्षं चालेल, ताई?"

"बोर्ड चालेल. त्याच्या आधी डिस्क जाईल. आणि काका, मशीन चाललं म्हणून निर्धास्त राहू नका."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. प्रत्येक अंकाची फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढायची, म्हणजे पान जसं आहे तसं कुठेही दिसेल. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि डोळ्यांखालून घालायचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

काका म्हणाले, "दिवाळी झाली की बसतो."

"रोज चार फायली. आजपासून," ताई म्हणाल्या, आणि पुढचं कॅबिनेट टेबलावर घेतलं.

दिवाळी अंकाचं काम अंगावर असूनही काकांनी ते मनावर घेतलंय. दुपारी जेवणानंतर मशीन मोकळं असतं तेव्हा त्यांची सून बसते. 2006 पासून क्रमाने चालली आहे. परवा भेटलो तेव्हा 2009 चा अंक चालू होता आणि ती 'र्‍य' दुरुस्त करत होती.