कव्हरवर जाऊ नका!

सुट्टीत मेहरूणला मामाकडे गेलो की जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा हाती लागायचा. एका कव्हरवर हिरो वाघाच्या जबड्यात. आत वाघाचा पत्ताच नाही! जाम चिडलो होतो.

पण बॉस, कव्हर आणि गोष्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या हातांतून येतात. १९६४ ते १९९० चाललेल्या ‘इंद्रजाल’मध्ये फँटमच्या, म्हणजे आपल्या वेताळाच्या, गोष्टी अमेरिकन पेपरांतल्या; कव्हरं मात्र गोविंद यांच्यासारख्या इथल्या चित्रकारांची. अमेरिकेत तर ‘डीसी’चे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा आधी कव्हर ठरवायचे, मग त्यावर गोष्ट लिहून घ्यायचे. कारण साधं. स्टॉलवर गिऱ्हाईक थांबतं ते कव्हर बघून.

परवा माझाच बायोडेटा वाचला. ‘फ्लुएंट फ्रेंच’! इंटरव्ह्यूत कुणी ‘वाघ दाखव’ म्हटलं तर? ती ओळ लगेच खोडली.