हरकत घ्यावी कशी?



कामगार संघटनेतल्या माणसाला नगररचनेवर बोलायला कशासाठी बोलावले, असे काहींच्या मनात आले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. हा कायदा मी शिकलो तो हरल्यानंतर. वीसेक वर्षांपूर्वी एका कामगार वसाहतीतले मुलांचे मैदान दुकानांसाठी मोकळे करण्याचा घाट घातला गेला. मी चारशे माणसांचा मोर्चा नेला. साहेबांनी निवेदन घेतले, चहाही पाजला. मैदान मात्र गेले. मागाहून कागद काढून पाहिले, तो हरकतीची एक महिन्याची मुदत मोर्चाच्या अकरा दिवस आधीच संपलेली, आणि आलेल्या हरकतींच्या रकान्यात 'निरंक' असे लिहिलेले! ही चूक साहेबांची नव्हे, माझी होती.

आपल्याकडे या सर्व व्यवहाराचा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यात नागरिकाला दोन मुख्य दारे ठेवली आहेत. नवा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा कलम २६ खाली हरकती व सूचना मागवतात. मंजूर आराखड्यात पुढे बदल करायचा असेल, म्हणजे उद्यानाचे आरक्षण उठवून तेथे इमारती आणायच्या असतील, तर कलम ३७ ची नोटीस निघते. तिची मुदत एक महिना. पहिल्या प्रसंगी गाव जागे असते. दुसरी नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि खरा दगा तेथेच होतो. आराखड्यावरील हरकती ऐकायला नियोजन समिती बसते: स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार. ज्याने लेखी हरकत दिली त्याला तेथे म्हणणे मांडण्याची संधी मिळते. ज्याने दिली नाही, त्याने दाराशी उभे राहून कितीही घोषणा दिल्या तरी कागदावर तो गैरहजरच.

करमाडपुरती एक जास्तीची अडचण आहे. शेंद्रा–बिडकीन औद्योगिक नगर उभे राहू लागल्यापासून आपल्या भागात नियोजनाचा अधिकार एकाच कचेरीकडे राहिलेला नाही. औद्योगिक नगराची कंपनी आहे, औद्योगिक विकास महामंडळ आहे, महानगर प्रदेशाचे प्राधिकरण आहे. तेव्हा आपला गट नंबर कोणाच्या हद्दीत पडतो हे आधी विचारावे आणि भाग नकाशाची नक्कल काढावी. भलत्या कचेरीत दिलेली उत्तम हरकत ही रद्दीच होय.

आता लिहायचे काय? संघटनेत आम्ही मागणीपत्र लिहितो त्याच पद्धतीने लिहावे. 'पगारात न्याय द्या' असे लिहिले तर मालक हसतो. 'अमुक कलमाप्रमाणे अमुक तारखेपासून इतका भत्ता' असे लिहिले की त्याला हिशेब काढावा लागतो. 'आमच्यावर अन्याय होत आहे' या वाक्याला समितीपाशी उत्तर नसते आणि त्याची गरजही नसते. त्याऐवजी नोटिशीचा क्रमांक व तारीख, गट नंबर, आज तेथे काय आहे, प्रस्तावाने काय होईल, आणि तुम्हाला नेमका कोणता बदल हवा, हे लिहावे. रस्ता किती रुंद आहे ते टेप लावून मोजावे. नाला कोठून वाहतो ते पावसाळ्यातल्या छायाचित्राने दाखवावे. शेजाऱ्याचे जुने वैर किंवा आपल्या प्लॉटचा उतरणारा भाव यांना तेथे वजन नाही. पाणी, वाहतूक, शाळा, मोकळी जागा यांना आहे. शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणी मिळावी' हे वाक्य न विसरता घालावे.

एकाच छापील नमुन्यावर हजार सह्या घेण्याचा मोह मलाही पडत असे. त्याने गर्दी दिसते, परंतु टिपणी लिहिणारा कारकून त्या साऱ्यांना एकाच ओळीत निकालात काढतो. मुंबईचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी त्यातल्या चुका इमारतीनिशी, रस्त्यानिशी दाखवून दिल्या, आणि एप्रिलमध्येच सरकारने तो नव्याने करण्यास सांगितले. सुधारलेला आराखडा २०१६ मध्ये लोकांपुढे आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला.

शब्दही नीट वाचावेत. गिरण्यांच्या जमिनींसंबंधी १९९१ च्या नियमात तीन वाटे होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या फेरबदलाने हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचे करायचे ठरले. गिरणीची जमीन बहुतेक शेडखालीच असते! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

अपिलाविषयी पुष्कळांचा गैरसमज आहे. बांधकामाची परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अटींवर मिळाली, तर कलम ४७ प्रमाणे अर्जदार चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करू शकतो. शेजाऱ्याला या कलमाखाली तसा हक्क नाही, आणि अपिलाच्या सुनावणीत ऐकले जाते ते अपील करणाऱ्याचे आणि परवानगी नाकारणाऱ्या कचेरीचे. म्हणून परवानगीचा अर्ज आल्याचे कळताच आपले लेखी म्हणणे त्या कचेरीच्या फायलीत घालावे. अपील झाले तर आपली मोजमापे, छायाचित्रे, तारखा त्याच कचेरीला पुन्हा पुरवाव्यात, कारण तेथे तुमची बाजू तिच्याच तोंडून मांडली जायची आहे. ज्याच्याशी कालपर्यंत भांडलो त्याच्या हाती आपले कागद द्यायचे, हे माझ्यासारख्याला जड जाते, पण द्यावेत. शासनालाही ऐकून घेण्याची विनंती करावी. मान्य झाली तर ठीक.

हरकत देताना पोच घ्यावी, तीवर शिक्का व तारीख पाहावी. सुनावणीला नकाशा घेऊन जावे आणि सांगायचे ते पाच मिनिटांत सांगावे. हरकतीचे काय झाले हे कळले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली समितीचा अहवाल मागावा.

आणि रोजच्या जाहीर नोटिसा वाचण्याचे काम गावात एका माणसाकडे सोपवावे. आमच्या संघटनेत ते एका निवृत्त पोस्टमनकडे आहे. चष्मा सापडला नाही की ते नातीकडून वाचून घेतात, आणि गट नंबर ओळखीचा निघाला की मला रात्री दहालासुद्धा फोन करतात.