दावणीची दुभती शेळी

शेळीपालन सुरू करायचंय म्हटलं की आज महाराष्ट्रात पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. बोकड किती महिन्यांत किती किलोचा होतो? घरच्या दुधासाठी दोन शेळ्या बांधायच्यात, असं कुणी म्हणालं तर समोरचा जरा चमकतोच. दोन पिढ्यांमागं चमकला नसता. ज्याला गाय परवडत नव्हती, त्याच्या चहाचं दूध शेळीचंच असायचं.

तिला मान मिळाला तो गांधीजींमुळं, आणि तोही आडवाटेनं. जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकारामुळं त्यांनी दूध वर्ज्य केलं होतं. 1918 च्या मोठ्या दुखण्यात कस्तुरबांनी विचारलं, शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? गांधीजींनी ते घेतलं. शब्द पाळला पण व्रताचा आत्मा गमावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. दूध मात्र शेवटपर्यंत शेळीचंच राहिलं.

1970 मध्ये दुधाच्या महापुराची योजना आली. डेअरीच्या कॅनमध्ये गाय-म्हैस मावली, शेळी बाहेर राहिली. शेळी सुधारणेचा अखिल भारतीय प्रकल्प 1971 चा. त्या काळात राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा संकर अंगोरा जातीशी झाला, तो मोहेर लोकरीसाठी. फलटणला निंबकर संस्थेनं 1990 च्या दशकात बोअर जात आणली, ती मांसासाठी. बीटल शेळीवर सानेन आणि अल्पाइनचा संकर करून दूध वाढवायचा उद्योग झाला तो तिकडं हरियाणात कर्नालला. लोकरीचं आपल्याकडं काही जमलं नाही. मटणाचं जमलं, कारण बाजार आधीपासून होता. यात कुणाचा दोष नाही, पण दुभती शेळी हिशेबातून निसटली ती निसटलीच.

म्हणून आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला बाजारात सहज मिळते ती उस्मानाबादी. काटक, काळीभोर, जुळी देणारी. पण दूध दिवसाला जेमतेम अर्धा ते दीड लिटर, आणि त्यावर पहिला हक्क करडांचा. दोन करडं पोसली की किटलीत काय उरणार? खानदेशाच्या सीमेपलीकडची सुरती त्या मानानं बरी: पांढरी, लहान चणीची, बांधून ठेवली तरी कुरकुरत नाही. विकत घेताना शिंगं-रंग पाहण्यापेक्षा विक्रेत्याला समोर धार काढायला लावावी, तीही सकाळची. पिळल्यावर कास मऊ पडली पाहिजे. तिच्या आईचं दूध विचारावं. दावणीत एकटी शेळी ओरडून घर डोक्यावर घेते, तेव्हा दोन तरी हव्यात.

शेळीच्या दुधाच्या उग्र वासाची तक्रार जुनीच. तिचं मोठं कारण बोकड: तो गोठ्यात असला की दुधाला वास लागतोच. धुतलेली कास, स्वच्छ भांडं आणि लगेच तापवणं, एवढ्यानं फरक पडतो. आणि कच्चं दूध औषधी म्हणून पिण्याची हौस असेल तर त्यातून होणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाची आठवण ठेवावी.

बोकड घरी नको, तर शेळी गाभण कशी राहणार? खरी अडचण इथं आहे. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. तिला वेळेवर माजावर बोकड दाखवला नाही तर दूध आटतं आणि पुढचं वेतही लांबतं. गावातला बोकड बहुधा मटणाच्या वाणाचा, त्यामुळं सुरतीच्या पोटी येणारी पाठही दुधाला आईपेक्षा उणी निघते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दुधाळ वाणाच्या रेतनाची सोय आहे का, हे शेळी घेण्याआधी विचारावं. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लशींची चौकशीही त्याच फेरीत होते.